भुरीची चार्जशीट

आमच्या घरमालकांना कुत्र्यांची भीती वाटायची. विजेची वाटायची, गॅसच्या सिलिंडरची वाटायची, वकिलाच्या नुसत्या पाटीची वाटायची, आणि भाडेकरूंची तर सगळ्यांत जास्त. तरी त्यांच्या घरात तीन बिऱ्हाडं होती आणि त्यांतल्या एका बिऱ्हाडात कुत्री होती. ते बिऱ्हाड आमचं, म्हणजे माझं आणि माझ्या आईचं. त्या कुत्रीवरून घरमालकांनी जो कारभार केला, तसा इंदुरात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही. त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी त्याआधी कधी घाबरले नव्हते, आणि मी मूळची काही शूर वगैरे नाही.

घरमालकांची पस्तीस वर्षं एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात गेली होती. कोणता कामगार किती वाजता आत आला, कोण पाच मिनिटं उशिरा आला, कोण न सांगता घरी बसला, हे लिहिणं त्यांचं काम. कुणाचं काही चुकलं की त्याच्यावर चार्जशीट काढायची, चौकशी बसवायची, जबाब लिहून घ्यायचे, हेही तेच करायचे. ते शहरात एकामागून एक मिल बंद पडण्याचे दिवस होते. त्यांची मिल बंद झाली तेव्हा निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. मिल बंद झाली, पण टाइम ऑफिस काही बंद झालं नाही. त्यांनी ते घरी आणलं.

घर स्नेहलतागंजात होतं, स्टेशनच्या अलीकडे. खालच्या बोळात त्यांनी काळा रंग दिलेला एक फळा टांगला होता आणि त्यावर रोज काही ना काही सूचना लागायची. प्रत्येक सूचनेला क्रमांक, खाली तारीख आणि वळणदार सही. आम्हाला नावं नव्हती, नंबर होते. ते स्वतः खोली नंबर एक, समोरचे चौरसिया दोन, फिरतीवरचा एक औषधविक्या तीन, वर आम्ही चार. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, तर त्याच्याही त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. पहिली पाळी खोली नंबर दोन, दुसरी पाळी चार. पाच मिनिटांची सूट. सहाव्या मिनिटाला तुम्ही बादली घेऊन आलात तर ते घड्याळाकडे बघून मान हलवायचे आणि तुमची पाळी गेली म्हणून समजायचं. भर मे महिन्यातही अंगात बंद गळ्याचा कोट. आवाज मात्र इतका हळू, की त्यांचं ओरडणंसुद्धा कान देऊन ऐकावं लागायचं.

दूधवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना ते ‘आपण’ म्हणायचे. तोंडी तक्रार मात्र कुणाचीच घ्यायचे नाहीत. “तोंडी कुछ नहीं. तोंडी बोललेलं हवेत जातं. लिहून द्या,” हे त्यांचं पालुपद. बोळातला दिवा चालू ठेवला म्हणून त्यांनी मला एकदा लेखी ताकीद दिली होती, आणि खाली ‘वाचले’ असं लिहून माझी सही घेतली होती. आपला-परका असा भेदही नव्हता. एकदा पाणी आलं आणि यांना जागच आली नाही, मोटर चालू करायची राहिली. त्यांनी स्वतःलाच मेमो दिला. स्वतःच त्याचं उत्तर लिहिलं, ते वाचून असमाधानकारक ठरवलं, आणि आठ दिवस स्वतःचे सकाळचे नाक्यावरचे पोहे बंद केले. ज्याने इंदुरात आठ दिवस पोहे सोडले त्याची शिस्त किती कडक असेल, ते इंदूरवाल्यांना सांगायला नको.

मी हसायची, पण लपून. समोर उभी राहिले की माझी नजर त्यांच्या कपाटाकडे जायची, कारण त्यात माझ्या सहीचा एक कागद होता आणि त्या कागदावर मी खोटं लिहिलं होतं.

खोली देण्याआधी ते भाडेकरूकडून एक अर्ज भरून घ्यायचे. नाव, नोकरी, माणसं किती, पाहुणे किती येतात. त्यातलाच एक रकाना होता : घरात कुणाला काही आजार? मी लिहिलं, ‘नाही.’ अर्जाच्या तळाशी त्यांनीच लिहून ठेवलं होतं की माहिती खोटी आढळल्यास खोली ताबडतोब खाली करावी लागेल. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि सही केली.

माझ्या आईला फिट यायच्या. मिरगी. लग्नाआधीपासून. वडील रेल्वेत कारकून होते, ते असेपर्यंत त्यांनी ते बाहेर कळू दिलं नाही. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आधीच्या घरात आईला एकदा जिन्यात फिट आली आणि सगळ्या बिऱ्हाडांनी बघितली. तिथल्या मालकीणबाईंनी जिना गंगाजलाने धुतला आणि आम्हाला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. आई जिन्यावर गुरासारखी हातपाय झाडत होती, असं त्यांनी मला माझ्या तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की आता कुणाला कळायला नको. आईला मी दाराला आतून कडी लावून घ्यायला शिकवलं. फिट येईलसं वाटलं की खिडकी लावायची, गोधडीवर आडवं व्हायचं, संपेल तेव्हा संपेल.

ती येणार हे सांगायचं काम भुरी करायची. भुरी ही साधी गावठी कुत्री. आधीच्या घरापाशी आई तिला शिळी पोळी टाकायची, ती आमच्या मागोमाग इथवर आली. कुणी तिला काही शिकवलेलं नाही. कसं कुणास ठाऊक, पण फिट यायच्या आठ-दहा मिनिटं आधी तिला कळायचं. ती आईभोवती गिरक्या घ्यायची, डोक्याने तिच्या गुडघ्याला ढकलायची आणि भुंकायला लागायची. तेवढ्या वेळात आई शेगडी बंद करून जमिनीवर निजायची. मग ती शुद्धीवर येईपर्यंत भुरीचं भुंकणं चालू, आणि शेवटी शेवटी त्याचं रडं व्हायचं. मी दिवसभर पलासियातल्या ऑफिसात टायपिंग करायची. तिथे नुकताच कंप्यूटर आला होता, आम्हा तिघी टायपिस्टांपैकी कुणाला ठेवतील याचा भरवसा नव्हता, त्यामुळे रजा मागायची सोय नव्हती. घरात आईजवळ होती ती भुरीच.

अर्जात पाळीव प्राण्याचा रकाना नव्हता. घरमालकांनी तो माझ्यासाठी हाताने आखला आणि विचारलं, कुत्रीचं काम काय? मी म्हटलं, राखण. त्यांनी लिहून घेतलं. तेव्हापासून ते वर कधी आले नाहीत. काही सांगायचं असलं की जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभं राहून सांगायचे, तेही हातात फूटपट्टी घेऊन.

तक्रार चौरसिया भाभींनी केली, आणि खोटं कशाला बोलू, ती खरी होती. त्यांचे यजमान दुसऱ्या एका मिलमध्ये विणकर होते. मिल गेली, मग त्यांना एका गोदामावर रात्रीच्या चौकीदारीची नोकरी मिळाली. सकाळी येऊन ते झोपायचे आणि दुपारी अडीच-तीनला वरून भुरीचा गोंधळ सुरू व्हायचा. पूर्वी पंधरवड्यातून एकदा. त्या उन्हाळ्यात आईच्या फिट वाढल्या, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. भाभी आधी माझ्याशीच बोलल्या. म्हणाल्या, दीदी, ये आदमी न रात को सोता है न दिन को, पागल हो जाएगा. आणि भरदुपारी कुत्रं रडणं चांगलं नाही, घरातलं कुणीतरी जातं. मी बघते म्हटलं आणि काहीच केलं नाही. करणार काय होते?

मग त्या घरमालकांकडे गेल्या. घरमालक म्हणाले, लिहून द्या. भाभींना सहीपुरतंच लिहिता यायचं. तेव्हा घरमालकांनी त्यांच्या वतीने तक्रार स्वतःच लिहिली, वाचून दाखवली, सही घेतली, आणि मग खुर्ची बदलून तोच कागद स्वतःकडे दाखल करून घेतला. हे भाभींनीच मला पुढे हसत हसत सांगितलं. तेव्हा मात्र आमच्यात बोलणं जेमतेमच होतं.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर फळ्यावर कागद लागला होता. विषय : वरच्या मजल्यावरील आवाज. अपचारी : भुरी, कुत्री, खोली नंबर चार. अपचारी म्हणजे जिच्यावर आरोप आहे ती, असा तो मिलच्या हिंदीतला शब्द. आरोप : विश्रांतीच्या वेळी वारंवार भुंकून सहनिवाशांची झोपमोड करणे. रविवारी सकाळी दहा वाजता बोळात चौकशी होईल, अपचारीला आपली बाजू मांडण्यासाठी एक प्रतिनिधी आणता येईल, आरोप सिद्ध झाल्यास अठ्ठेचाळीस तासांत घराबाहेर काढण्यात येईल. मला हसू येत होतं, तरी तो कागद मी तीनदा वाचला. हा माणूस गंमत करत नव्हता, त्याला गंमत करता यायचीच नाही.

आईला मी सांगणारच नव्हते, पण तिने खिडकीतून फळा बघितला होता. मी रात्रभर हिशेब मांडत बसले. भुरीला काढावं तर आई दिवसभर एकटी शेगडीपाशी. भुरीला का ठेवायचं ते सांगावं तर अर्जातलं खोटं उघडं, खोली गेली, आणि या वेळी सगळ्या स्नेहलतागंजात बोभाटा. शिवाय देवासकडच्या एका घरी माझं बोलणं चाललं होतं. माझं वय तेव्हा सव्वीस होतं, आणि त्या काळी सव्विसाव्या वर्षी एक स्थळ येणं ही आईच्या दृष्टीने दैवी कृपा होती. आईला मिरगी आहे म्हटल्यावर मुलीलाही असणार, असंच लोक धरून चालायचे.

शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर दार वाजवूनही उघडेना. आतून भुरीचं कण्हणं येत होतं, भुंकणं नाही. बऱ्याच वेळाने आईने कडी काढली. तिच्या कपाळावर खोक पडली होती आणि उजवा हात मनगटापासून भाजला होता. भुरीच्या तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधलेली होती. आईनेच बांधली होती. कुत्री गप्प राहिली तर रविवारी सुटेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. फिट आली तेव्हा ती पोळ्या करत होती. भुरीने लुगडं ओढलं असेल, धडका दिल्या असतील, पण आवाज आला नाही म्हणून आईने लक्ष दिलं नाही.

मी आईवर संतापले. खूप बोलले, बोलू नये ते बोलले. मलम लावतानाही माझं बोलणं थांबेना, तेव्हा तिनेच माझ्या हातातून डबी घेतली. भाभींनी खालून विचारलं, क्या हुआ? मी सांगितलं, आई न्हाणीघरात घसरली.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना मी भुरीला साखळीने बांधून खाली नेलं. बोळात टेबल मांडलं होतं, टेबलामागे कोट घालून घरमालक, बाजूला भाभी आणि त्यांचे यजमान. यजमान रात्रपाळीवरून सरळ येऊन बसले होते, डोळे लाल झाले होते. त्या माणसाकडे बघून मला अपराधी वाटलं. औषधविक्या फिरतीवर होता, नाहीतर हे सगळं त्याच्यासमोरही झालं असतं. भुरीला बघून घरमालकांनी खुर्ची हातभर मागे घेतली आणि फूटपट्टी कागदांवर ठेवली.

आधी भाभींचा जबाब झाला. तारखा, वेळा, किती वेळ. त्यांना काही आठवेना, तेव्हा घरमालक स्वतःच सांगायला लागले. त्यांच्याकडे वही होती. गेल्या दोन महिन्यांत भुरी कधी भुंकली, किती मिनिटं भुंकली, सगळ्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब लिहिलेला. मी एक गोष्ट तयार करून आले होते, की गच्चीवर माकडं येतात आणि भुरी त्यांना भुंकते. मी ती सांगितली. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला, आणि मग त्या हळू आवाजात विचारलं, “माकडं आल्यावर माणूस खिडकी लावेल, हे मला समजतं. पण प्रत्येक वेळी भुंकणं सुरू झाल्यावर आपली खिडकी लागते आणि मग दोन-दोन तास उघडतच नाही. माकडं दोन तास बसून असतात का?”

भाभी माझ्याकडे बघत होत्या.

“परवा शुक्रवारी भुंकली नाही. त्या दिवशी वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तीन वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा माकडं नव्हती?”

मी हात जोडले. का जोडले कुणास ठाऊक, पण जोडून उभी राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, घड्याळ बघून. मग मान खाली घालून निकाल लिहायला लागले आणि लिहिता लिहिता बोलत गेले, तशी त्यांची सवयच होती. प्रतिनिधीचा खुलासा समाधानकारक नाही, आरोप सिद्ध, अपचारीला अठ्ठेचाळीस तासांत. तिथे ते थांबले आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, आधी आपल्या जबाबावर सही करा.

तो कागद मी बघितला. त्यावर माझी माकडं होती. त्या घरात खोट्याखाली केलेली माझी एक सही आधीच होती, ही दुसरी झाली असती. वर आई कपाळाला पट्टी लावून बसली होती. मला वाटलं, सही केली की संपलं, आपण वर जाऊ, भुरीला शहराबाहेर कुठेतरी सिमरोलकडे सोडून येऊ, आणि मग रोज ऑफिसात बसून तीन वाजायची वाट बघू. ते मला जमलं नसतं.

“माझ्या आईला फिट येतात,” मी म्हटलं. “लहानपणापासून. ही आधी सांगते म्हणून ती वाचते. तुमच्या अर्जावर मी खोटं लिहिलं.”

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी मोठ्याने बोलले होते. आवाज माझाच वाटेना. मी जिन्याच्या कठड्याला धरलं, कारण आता भाभी उठून जातील, गंगाजल आणतील, असंच माझ्या डोक्यात होतं.

भाभी उठल्या खऱ्या. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तो अंदर से कुंडी काय को लगवाती हो? वो भौंकेगी और दरवाजा बंद रहेगा, तो हम क्या दीवार तोड़ के आएँगे?”

मला रडू फुटलं. त्या तशाच रागाने बोलत राहिल्या, की इतके दिवस खाली मी बसून होते, चहा पीत होते, आणि वर ही बाई एकटी तडफडत होती, शरम तुला यायला पाहिजे. कुणी माझ्यावर रागावल्याचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्यांचे यजमान पेंगुळलेल्या आवाजात म्हणाले, “कुंडी निकलवा दो. भौंकेगी तो मैं भी उठ जाऊँगा. चौकीदार हूँ, अपना तो काम ही है.”

घरमालकांनी पेन ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पेन उचललं. अर्जाचं काय, खोलीचं काय, मी विचारलं नाही आणि त्यांनी विषय काढला नाही. चौकशी दुपारपर्यंत तहकूब, एवढंच म्हणाले. मी वर आले. आईने सगळं ऐकलं होतं. देवासचं आता होत नाही बघ, असं ती म्हणाली, आणि ते खरंच झालं नाही. आठ दिवसांत त्यांचा निरोप आला. आईने चार दिवस तोंडात घास घेतला नाही, आणि मला त्या लोकांपेक्षा स्वतःचाच राग आला, की निरोप वाचून मला सुटल्यासारखं वाटलं.

पण त्या दिवशी दुपारची गोष्ट सांगायची राहिली. चारच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं भाभी. दारात घरमालक उभे होते, हातात निकालाची प्रत. भुरी उठली तसे ते दाराच्या चौकटीला टेकले, घामेजले, पण मागे फिरले नाहीत. मला वाटलं, खोली खाली करायचं सांगायला आले. मी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. भुंकणे हा अपचारीच्या कामाचा भाग असल्याचे आढळून आले. आरोप सिद्ध होत नाही. अर्जातील आजाराच्या रकान्यात दुरुस्ती करावी. बस, एवढंच. मी त्यांच्या पाया पडणार होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते आईकडे बघत होते.

“वहिनी, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “फिट संपल्यावर खिडकी दोन तास उघडत नाही. तेव्हा आपण काय करता?”

“झोपते हो,” आई म्हणाली. “म्हणजे झोप लागतेच. मेल्यासारखी. कुणी हलवलं तरी कळत नाही.”

“तोंडातून लाळ येते?”

“येते कधी कधी.”

ते खाली बसले. खुर्चीवर नव्हे, उंबरठ्यावर, भुरीपासून दोन हातांवर. फूटपट्टी त्यांनी वर आणलीच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. मग ते सांगायला लागले, आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. सूतकताई खात्यात एक माणूस होता. मशीनच्या बाजूला जमिनीवर झोपलेला सापडला. दोनदा सापडला. दुसऱ्यांदा त्याला हलवून उठवायचा प्रयत्न केला तरी तो उठला नाही. “वेळ मीच लिहिली. ड्यूटीवर झोपलेला आढळला. लाळ गळत होती, म्हणून नशेत असावा असंही मीच लिहिलं. चौकशी मीच केली. मी त्याला विचारलं, काही सांगायचंय का? तो हात जोडून उभा राहिला. काही बोलला नाही. मी सही घेतली.”

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी तो हातात धरला, प्यायले नाहीत. तो माणूस पुढे कुठे गेला, त्यांना माहीत नव्हतं. मिल चालू होती तोवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारायला मिल राहिली नव्हती.

“एका शब्दाने बोलला असता,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं त्याला. का बोलला नसेल?”

“घाबरला असेल,” आई म्हणाली. “दुसरं काय.”

त्यांनी मान हलवली. मग पेला खाली ठेवला आणि चौकटीला धरून हळूहळू उठले. मला वाटलं, आता जातील. पण ते तिथेच उभे राहिले, त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, “नाही. बोलला असता तरी मी काढलाच असता त्याला. आजारी माणसाला मशीनवर ठेवायचं नाही, असा नियम होता. त्याला माहीत होतं ते.”

ते एकेक पायरी उतरत खाली गेले.